सतरावं पान

१२ जानेवारी २००४, सोमवार

मेलेली माणसं परत येतात! काल गारगोटीच्या व्याख्यानात दीड तास हेच कोकलले. मालिकेतला नवरा दरीत कोसळतो, त्याचं तेरावं होतं, आणि सहा महिन्यांनी नवं तोंड घेऊन दारात उभा! नट सोडून गेला की माणूस मेला, दुसरा नट मिळाला की जिवंत. आणि घराघरांतल्या शहाण्यासुरत्या बाया पदर डोळ्याला लावून बघत बसतात. मरणाचा असा पोरखेळ केला की जगण्याचाही होतो, असं म्हणाले. टाळ्या पडल्या.

मग प्रश्नोत्तरं. पुढच्या रांगेतली एक बाई उठली — "बाई, पर त्यो खरंच मेलाय, का परत येनार हाय?"

सगळं सभागृह हसलं. मीही. ती हसत नव्हती.

संध्याकाळी राजशेखरचा फोन. गणपतराव अतिदक्षता विभागात. "आक्का, रेकॉर्ड करून ठेवूया का?"

माझा हा धाकटा भाऊ केबलची स्थानिक वाहिनी चालवतो. त्याच्याकडे एक लोखंडी कपाट आहे. गावातलं कुणी मोठं माणूस सत्तरीपुढं आजारी पडलं, की त्याची श्रद्धांजली आधीच टेप करून त्या कपाटात ठेवायची. नाव लिहायचं, तारीख कोरी. म्हणजे बातमी आली की दहाव्या मिनिटाला पडद्यावर! मी त्याला गिधाड म्हणते. तो म्हणतो, "गिधाड तर गिधाड, पर पयलं पोचतंय न्हवं?"

पण गणपतराव! एकोणीस वर्षांची असताना शिरोलीत कारखान्याच्या फाटकापाशी मला तेलाच्या पिंपावर उभं करून ते म्हणाले होते, "आवाज पोटातनं काढ पोरी, नरड्यातनं न्हाय." मी जी काही आहे ती त्या पिंपावर झाले. त्यांच्यावर दुसऱ्या कुणी बोलावं? — मीच गेले. कागद न घेता अकरा मिनिटं बोलले. "ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकाही खोट्या कागदावर सही केली नाही, तो कामगारांचा पुढारी आज आपल्यातून गेला." कॅमेरावाल्यानं डोळे पुसले.

घरी आल्यावर ध्यानात आलं. जिवंत माणसाला 'गेला' म्हटलं मी.

१५ जानेवारी, गुरुवार

लावली! मेल्यांनी टेप लावली!

गणपतरावांना बरं वाटलं म्हणून सकाळी साध्या वॉर्डात हलवलं. कॅमेरावाल्यानं अतिदक्षता विभागात डोकावलं, खाट रिकामी, चादर घडी घातलेली. त्यानं फोन केला. राजशेखरनं कपाट उघडलं. अकरा वाजता उद्यमनगरची दुकानं बंद. बाराला ट्रकभर माणसं हार घेऊन दवाखान्यात. आणि आत गणपतराव शिरा खात बसलेले! एकानं तर गडबडीत हार त्यांच्या पायावर घातला आणि डोळे मिटून उभा राहिला. ते म्हणाले, "पावणं, जरा डाव्या अंगाला व्हा. टीव्ही दिसंना."

दिसंना म्हणजे तसंही त्यांना काही दिसत नाही. साखरेनं डोळे नेलेत. ऐकत होते. माझा आवाज.

१६ जानेवारी

माफी मागायला गेले. त्यांना घरी आणलंय. मी पायाशी बसले, तर म्हणाले, "ब्येस बोललीस, दानेश्वरी. परत लावायला सांग."

राजशेखरनं टेप आणून लावली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्या सहीच्या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला. "थांबीव." मग भिंतीकडं तोंड वळवलं. मला वाटलं, भरून आलं.

वाहिनीवर दिलगिरीची पट्टी दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा कशाला, म्हणे राजशेखर!

१९ जानेवारी

केबलवर चूक दुरुस्त होते. इंटरनेटवर होत नाही — हे मला पन्नाशीत कळलं.

राजशेखरनं पुण्याच्या एका माणसाकडून वाहिनीची वेबसाइट करून घेतलीय. तिच्यावर माझं भाषण उतरवून टाकलेलं, खाली अभिप्राय वही. ही वही म्हणजे काय चीज आहे! उठावं, नाव टाकावं, मनात येईल ते लिहावं. संपादक नाही, टपाल नाही, सही नाही. आणि भाषा मराठी, कपडे इंग्रजी अक्षरांचे. वाचताना दाताखाली खडे येतात. बहारीन, दुबई, पिंपरी — जिथं जिथं कोल्हापूरचा फिटर गेलाय, तिथून सत्तेचाळीस जणांनी गणपतरावांना श्रद्धांजली लिहिलीय. रोज वाढताहेत. पुण्याचा माणूस फोन उचलत नाही.

मी गणपतरावांना म्हटलं, "आबा, काढून टाकायला लावते."

"का? मेल्यावर लोक काय बोलत्यात ते जित्या माणसाला कुठं ऐकाय मिळतंय? छापून आण. वाचून दाव."

आता रोज चार वाजता जाते. राजशेखरच्या कचेरीत बसून प्रिंट मी स्वतः काढते. गेले की पहिला प्रश्न ठरलेला — "आज किती आणलीस?" आकडा सांगायचा, मग वाचायचं. ते भिंतीकडं तोंड करून ऐकतात. बिछान्यावरचा जिवंत माणूस, आणि मी त्याला 'तुमच्या आत्म्यास शांती लाभो' वाचून दाखवतेय. खोलीत मला थंडी वाजते. थंडीच आहे म्हणा, जानेवारीची.

२२ जानेवारी, गुरुवार

आज एक निराळं होतं. नागरी अक्षरांत उतरवून ठेवते.

"नाव — केरबा. गाव — शिरोली. बाईनं भाषणात सांगितलं की गणपतरावानं खोट्या कागदावर सही केली न्हाय. केलीया. अठ्ठ्याऐंशी साली. साखळी झिजल्याली, मालकाला आठ दिस आधी सांगितल्यालं. तापल्या लोखंडाची कढई उलटली. कागदावर लिवलं, केरबा प्यालेला हुता. मी आयुष्यात दारू शिवलो न्हाय. साक्षीला सही गणपतरावाची. कारखान्याला कुलूप पडाय नको म्हणून. तीनशे घरं वाचावली, एक सोडलं."

केरबाला ओळखत होते मी. त्याच्या मयताला गेले होते. राख तेवढी होती.

सतरा पानं नेली होती. हे एक पिशवीतच ठेवलं.

शेवटी गणपतराव म्हणाले, "झालं?"

"झालं, आबा."

"बघ. येखादं खाली पडलं आसंल."

२३ जानेवारी

आजही वाचलं नाही. आजारी माणूस. आणि खरं नावगाव नसलेल्या चिठ्ठीला मी किंमत का द्यावी? कुणीही जुना वैरी असेल. व्यासपीठावर मी हेच सांगते — पुरावा आणा!

पुरावा शोधायला मात्र उठले नाही.

२४ जानेवारी

पुन्हा.

"नाव — केरबा. गुरुवारी बाईनं सतरा पानं आणली. सोळा वाचली."

चार वेळा वाचलं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं. मी, आणि एक माणूस ज्याला दिसत नाही.

मी भूत मानत नाही. तीस वर्षं गावोगाव हेच सांगत फिरले. अंगात येणाऱ्या बाईच्या केसांतला कापूर काढून दाखवलाय मी! पण आज राजशेखरच्या कचेरीत कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, आणि काळ्या काचेत माझंच तोंड दिसलं तर खुर्चीवरून उठले.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. विषय शाळेनंच दिला — 'निर्भय वाणी'. बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आवाज नरड्यातून आला.

२७ जानेवारी

राजशेखरला धरलं. "ती वही तुझ्या वाहिनीची. तूच लिहितोयस!"

"आक्का, डोस्कं फिरलंय का? मला ह्यो केरबा कोन ते म्हाईत न्हाय! मी तवा शाळेत हुतो." मग बारीक आवाजात, "पर कायबी म्हण, लोक लई बघाय लागल्यात. म्येलेला मानूस लिवतोय म्हनून. दोन दिसात चारशे जन!"

चारशे! आणि खाली लोकांच्या ओळी — 'घाबरवू नका', 'पुढे काय?', 'केरबा भाऊ, अजून लिहा'. एका माणसाचं जळणं मालिका झालं. उद्या काय होणार, म्हणून बघताहेत.

हे कुणाला सांगू? ऐकणारा एकच, आणि त्याच्यापासूनच मी लपवतेय.

२९ जानेवारी, गुरुवार

हुपरीला जाऊन आले. केरबाची बायको शालूबाई तिथं भावाकडं असते. ओसरीवर बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरं डाखून जोडत होती. मी विचारलं, तुमच्या घरातलं कुणी कॉम्प्युटरवर लिहितं का?

"कशावर?"

समजावलं. ती हसली. "मला सहीबी येत न्हाय, बाई. आमच्यात कोन लिवनार?"

मग मी केरबाच्या दारूचं विचारलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"त्याच्या गळ्यात लिंग हुतं. त्यो वासबी घेत न्हवता. मी आठ येळा कारखान्यात गेलते. गणपतराव म्हनलं, वैनी, कागद झालाय आता. तवापास्नं माझ्या लेकाला समदे दारुड्याचं म्हनत्यात. त्याला सोयरीक आली की कोनतरी सांगतंय. तीन मोडल्या." मग थांबून, "तुमी लई मोठ्यानं बोलता म्हनं. तुमी बोला की."

एसटीत सगळी वाट डोळे मिटून बसले. आता तर पुरावाही मिळाला.

१ फेब्रुवारी, रविवार

"नाव — केरबा. बाई, लवकर वाच. माझ्याजवळ दिस थोडं हायत."

मेलेल्या माणसाजवळ दिवस थोडे! हसू आलं, आणि हसताना दात वाजले.

तिन्ही पानं घेऊन गेले. ठरवून. खोलीत औषधाचा वास, गणपतरावांचा श्वास आता शिट्टीसारखा. "किती आणलीस?" "बारा." नऊ वाचली. दहावं हातात धरलं. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि गच्च धरला. बोटं नुसती हाडं. "वाच की," म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकाय बरं वाटतंय."

माझ्या तोंडून! ह्या माणसाला मी शेवटच्या दिवसांत हे ऐकवू? दुबईच्या कुण्या फिटरचं नववं पान मी पुन्हा वाचलं. शब्दन् शब्द तेच. त्यांनी हात सोडला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गणपतराव आज पहाटे गेले. खरंच.

सकाळपासून मी फोन करतेय. उद्यमनगरच्या अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय बाई, म्हाईत हाय की. गेल्या म्हैन्यातच न्हवं?" दुसरा म्हणाला, "पुन्हा का?" तिसऱ्यानं फोनच ठेवला. राजशेखरनं टेप लावली, तर गावानं चॅनेल बदललं. दुकान एकही बंद नाही. ज्यांनी एकदा रडून घेतलं, ते दुसऱ्यांदा कशाला येतील!

पंचगंगेवर आम्ही अकरा जण. कुणीतरी म्हणालं, बाई, दोन शब्द बोला. तोंड उघडलं. काही आलं नाही. पाण्यापलीकडं कुणीतरी म्हशी धूत होतं, तेवढाच आवाज.

४ फेब्रुवारी

ठरलं. परवा अकरा वाजता कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि केरबाची तिन्ही पानं वाचायची. शालूबाईंना निरोप धाडलाय. राजशेखर म्हणतो, "आक्का, मढ्यावर थुकतीस म्हनत्याल." म्हणू देत. गणपतरावांना आता दुखणार नाही. ह्याचीच वाट बघत होते का मी? असेन.

केरबाचं नवीन काही आलेलं नाही. रविवारनंतर काहीच नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रक्षाविसर्जन झालं. परतताना गणपतरावांची सून स्वप्नाली माझ्याबरोबर चालत आली. गंगावेशीत टायपिंगच्या कामाला रविवारीही जाते, त्यामुळं दिवसा कधी भेटच नव्हती. वाटेत थांबली.

"बाई, ते केरबाचं — मामंजी सांगायचे. मी जेवणाच्या सुट्टीत त्या वहीत टाइप करायची. मी म्हटलं, तुम्हीच सांगा की बाईंना. तर म्हणायचे, म्या सांगितलं तर म्हातारा भरमलाय म्हनतील. दानेश्वरी बोलली तर गाव ऐकतंय, ती भ्यायची न्हाय. रोज संध्याकाळी मी घरात पाय टाकला की पहिलं विचारायचे — बाईनं आज वाचलं का?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सोमवारी नाही विचारलं," ती म्हणाली. "मीच म्हटलं, उद्या वाचतील बघा. तर म्हणाले, ऱ्हाऊ दे."