मी लावलेलं वळण

५ सप्टेंबर, सोमवार
आजपासून लेकीकडे. दोन्ही पोरं आता माझ्या ताब्यात. जुळी आहेत, दुसरीत. एक पैलवान, एक साळुंकी. ही नावं मी ठेवलेली, खरी नावं शाळेपुरती. पैलवान वर्गात सगळ्यांत उंच. साळुंकीचं तोंड झोपेतही मिटत नाही. कशी गोड आहेत म्हणून सांगू! अर्थात सांगायचं कुणाला, वही माझी मीच वाचणार.
दोघं बापावर गेलीत. केस कुरळे, आणि रंग... रंगही बापाचाच. जावई काळे आहेत. सावळे नव्हेत, काळे, त्यांच्या मुलखातली माणसं तशीच असतात. मला त्याचं काही नाही. कधीच नव्हतं. लग्नाला गेले नाही ते गुडघ्यामुळे.
लेक म्हणाली, आई, पोरांच्या डोक्यात काही भरवू नकोस. चौथी शिकलेली बाई मी, माझ्याकडे भरवायला आहे काय?
ठरवलंय: दोघांना अगदी सारखं वागवायचं.

८ सप्टेंबर, गुरुवार
सारखं वागवणं सोपं असतं, लोक उगाच बाऊ करतात. पैलवानाने बूट सोफ्यावर फेकले. साळुंकीला उचलायला लावले. मुलीच्या हाताला सवय असलेली बरी. ती म्हणाली, त्याच्या हाताला काय झालंय? दूध उतू जातंय म्हणून मी आत पळाले. दूध फ्रिजमध्ये होतं.

१० सप्टेंबर, शनिवार, दुपार
साळुंकीच्या तोंडाला साय चोळली. थोडी उजळली तर पोरीचंच भलं. पैलवानाला नाही चोळली, मुलाला काय करायचंय. तिने विचारलं, याने रंग जातो का? मग बाबांनाही लावू. मी म्हटलं, अगं, त्यांना एवढी साय पुरायची नाही. किती हसले मी.
मागे बघते तर जावई दारात. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, पाऊल वाजत नाही त्यांचं. ऐकलं असेल का? संध्याकाळी मला नेहमीसारखा चहा करून दिला. म्हणजे नाही ऐकलं.
साखर मात्र घालायची विसरले होते. मी तसाच प्यायले.

१४ सप्टेंबर, बुधवार
पैलवान रडत घरी आला. वर्गात एक गोरा, किडकिडीत मुलगा आहे, पुढचा दात हलतोय त्याचा. तो याला कोळसा म्हणतो. साळुंकीने त्याला उलट खडू म्हटलं, तर बाईंनी हिलाच कोपऱ्यात उभं केलं. म्हणे मुलीने इतकं तोंडाळ असू नये. कोळसा म्हणणाऱ्याला काही नाही.
माझं रक्त उसळलं. असं वाटलं, तडक शाळेत जावं आणि त्या बाईंना ऐकवावं. पण मालिका लागायची वेळ झाली होती.
तरी आजीचं कर्तव्य केलं. पैलवानाला समोर बसवून सांगितलं, एवढा दांडगा तू, रडतोस काय बायकांसारखा? पुरुषाने रडायचं नाही, आणि मी नाही, मी नाही, असं करत खुलासेही देत बसायचं नाही. गप उभं राहायचं. साळुंकीला म्हटलं, बाई गं, कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आधीच तू वेगळी दिसतेस, त्यात बोललीस तर सगळं तुझ्यावरच येणार.
दोघांकडून प्रॉमिस घेतलं. लेकीला नाही सांगितलं. दमून येते बिचारी.

२२ सप्टेंबर, गुरुवार
घर कसं शांत झालंय! पैलवान आठवडाभर रडला नाही. काल दारात बोट सापडलं, नख काळंनिळं झालं, पण हूं नाही की चूं नाही. धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं, वळण लावावं तर मी. ती म्हणाली, ताई, सात वर्षांच्या पोराने रडू नये? तिला मूल नाही, तिला काय कळणार.
(हे लिहायला नको होतं. पण खोडलं तर पान खराब दिसतं.)
लेक विचारत होती, ही हल्ली बोलत का नाही. मी म्हटलं, मोठी होतेय.

२७ सप्टेंबर, मंगळवार
शाळेतून फोन. पाण्याच्या नळापाशी तो किडकिडीत मुलगा पडला, दात पडला, शर्टभर रक्त. पैलवानाने ढकललं म्हणतात. वर्गाच्या बाईंनी विचारलं तेव्हा हा ताठ उभा, तोंडातून शब्द नाही. बाई म्हणाल्या, बघा, पश्चात्तापसुद्धा नाही, अशी मुलं लहानपणापासूनच अशी असतात.
अशी म्हणजे कशी, हे विचारायचं राहिलं.
परवा मीटिंग. पैलवानाला वर्गातून काढून तळमजल्यावरच्या वर्गात घालायचं म्हणतायत, दंगेखोर मुलांच्या. म्हणजे दोघांची ताटातूट. आईच्या पोटातसुद्धा एकटी नव्हती ती.
ठरवलं: मी जाणार, मी भांडणार. एकाला सोडणार नाही.

२९ सप्टेंबर, गुरुवार
लेकीला रजा नाही. जावई इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मी म्हटलं, तुम्ही नका येऊ, तुमचा हा एवढा देह बघून बाई उगाच घाबरतील, आपलं काम बिघडेल. भल्यासाठीच म्हटलं. त्यांनी शर्ट काढला आणि घडी घालून ठेवला. फार वेळ घडी घालत होते.
मीटिंग छान झाली. ऑफिसात पंखा, मऊ खुर्ची, मोठ्या बाई फार सभ्य. मला आजी म्हणाल्या, पाणी दिलं. एवढ्या मानाने कुणी बोलवल्यावर भांडायचं कसं? मी म्हटलं, सॉरी बाई, मुलगाच तो, त्यात अंगाने दांडगा, हात उठला असेल. घरी समज देऊ. वाटलं, आपण नमतं घेतलं की त्याही घेतील.
त्या म्हणाल्या, तुम्ही कबूल केलंत ते बरं झालं. सोमवारपासून तो खाली बसेल.
पैलवान शेजारीच उभा होता. माझ्याकडे बघत होता.
जाताना खालचा वर्ग पाहिला. सगळी मुलंच, मुलगी एक नाही. आणि बहुतेक पैलवानाच्याच रंगाची. म्हटलं चला, लवकर रुळेल.
 

३० सप्टेंबर, शुक्रवार
लेकीने साळुंकीला सरळ विचारलं, तू तिथे होतीस का? तर ही घडाघडा बोलायला लागली, तुंबलेलं मोकळं व्हावं तशी. तो मुलगा नळाच्या कठड्यावर चढून नाचत होता. घसरला. दात आधीच लोंबत होता. पैलवानाने त्याला उचललं, म्हणून याच्या हाताला रक्त. बाईंनी ते रक्त पाहिलं आणि झालं.
लेक म्हणाली, मग बोलली का नाहीस?
“कुणी विचारलंच नाही. आजी म्हणाली होती, विचारल्याशिवाय बोलायचं नाही.”
लेक माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. जावई पोराजवळ जाऊन जमिनीवर बसले, त्याचा हात हातात घेतला. मी दूध बघायला आत गेले आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले.

३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ
आज मी, जावई आणि साळुंकी जाणार. जावयांना मीच म्हटलं, चला. शर्टला इस्त्री मी केली. कॉलर जराशी भाजली. ते म्हणाले, दिसत नाही. दिसते.
आज सगळं निस्तरणार. पहिल्या वाक्यातच ठणकावणार.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पहिलं वाक्य विसरले. साळुंकीनेच सांगितलं सगळं, हात उडवून, कठडा किती उंच ते दाखवून. मोठ्या बाई म्हणाल्या, बहिणीची माया आहे, साहजिक आहे. जावई सरळ शब्दांत बोलले, तर त्यांना म्हणाल्या, कृपया आवाज खाली ठेवा. त्यांचा आवाज खालीच होता. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आजी, तुम्हीच तर त्या दिवशी कबूल केलंत. तुम्हाला नातवाने सांगितलं असेल म्हणूनच ना?
खुर्ची तीच, मऊ. पण मी उभी राहिले.
“त्याने काही सांगितलं नव्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं.”
वाटलं होतं, यानंतर काहीतरी होईल. मोठ्या बाई म्हणाल्या, सत्र संपेपर्यंत राहू द्या खाली, मग बघू. दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांनाही उत्तर द्यावं लागतं. मला पुन्हा पाणी दिलं. मी ते घेतलं नाही. आज भांडले म्हणायचं ते एवढंच.
घरी आल्यावर पैलवानाजवळ बसले. जिन्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. म्हटलं, राजा, चुकलं माझं, आधीच विचारायला हवं होतं. आता सांग, नळापाशी काय झालं? आणि आज खाली कसं होतं? कुणी काही बोललं का?
त्याने बूट काढले, जोडीने नीट रॅकवर ठेवले.
“काही नाही, आजी,” म्हणाला. आणि आत गेला.
आवाज अगदी ताठ. डोळे कोरडे.
मी बराच वेळ जिन्यावर बसून होते, तो बाहेर येऊन सांगेल म्हणून.