भाग दोनमधली फुंकर

शुक्र., ७ नोव्हें.
सकाळचा पहिला शो पाहून आले. लॅबमधून अर्धी रजा टाकून. रजा फुकट गेली.

भाग २ टाकाऊ आहे. इथेच लिहून ठेवते. बाहेर बोलले तर लोक म्हणतील, आईला काम दिलं नाही म्हणून लेकीचा जळफळाट.

रक्त तर बादल्या भरून. मी रोज सकाळी माणसांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढते, मला कुणी शिकवू नये. तसलं रक्त माणसाचं नसतं, रोझमिल्कचं असतं.

भाग १ मध्ये रक्ताचा थेंब नव्हता. इथून जवळच्या साक्कोट्टैतलं एक घर, तिथे भाड्याने आलेलं नवं जोडपं, आणि तिन्हीसांजेला कुणी न लावता लागणारा दिवा. घरात एक बाई वावरते, ती दिसत नाही. फक्त हात दिसतात. शेवंतीचं फूल ज्योतीवर टेकवतात, दिवा शांत होतो. सकाळी तेच फूल उंबऱ्यावर, एका कडेला करपलेलं. बस्, एवढंच. एवढ्यावर सगळं कुंभकोणम कितीतरी दिवस उंबरा बघून ओलांडत होतं. बाई कोण, का येते, शेवटपर्यंत सांगितलं नाही. अगदी अखेरीस दिव्याच्या उजेडात एकदाच तिचा चेहरा.

तो चेहरा आईचा. हातही तिचेच.

भाग २ मध्ये भूत दिवा फुंकरीने विझवतं. केस उडतात, ढोल वाजतात, गावातले सगळे दिवे जातात. आणि मध्येच एक गाणं.

घरी आले तर आई कॉफी घेऊन दारातच. "मी आहें कां गे त्यांत?" म्हटलं, आहेस. ती खूश.

शनि., ८ नोव्हें.
काल लिहवलं नाही ते आज.

भाग २ मध्ये बाई कोण ते "उलगडतं". म्हणे तिने स्वतःच्या तान्ह्या लेकराला दुधातून विष दिलं. चेन्नईची कुणी तरुण नटी पाठमोरी, वाटीत विष कालवते, आणि मग एकदम आईचा चेहरा. भाग १ मधला तोच शॉट. तेच हसणं. तेव्हा ते दिव्याकडे बघून हसलेलं होतं. आता वाटतं, मेलेल्या लेकराकडे बघून हसते आहे. नवीन काही काढायची गरजच नाही पडली. शेजारी चिकटवून दिलं की झालं.

माझ्या मागे कुणी तरी म्हणालं, "अय्यो, ही आपल्या मेलकावेरीतलीच बाई ना?"

सेल्वमला, म्हणजे दिग्दर्शकाला, दिव्याचं माहीत नव्हतं असंही नाही. भाग १ च्या वेळी तो नवा होता, खिशात दमडी नाही. शूटिंगला दिवा आमच्याकडून नेलेला, आजीने नाचियार्कोविल्हून आणलेला पितळी. आपला दिवा नीट ठेवतात की नाही ते बघायला आई साक्कोट्टैला गेली. भुताच्या कामाची पोर दिवा फुंकायला वाकली आणि आई कॅमेऱ्यासमोर घुसली. "फुंकतेस काय गे? दिवा कोण्ही फुंकतें?" वेणीतलं फूल काढलं आणि दिवा शांत केला. सेल्वम म्हणाला, हेच हवं. ती पोर घरी गेली, आई भूत झाली.

त्याचं सगळं नाव त्या एका फुलावर झालं. आणि आता फुंकर. चीड येते नुसती. कुणावर काढू?

सोम., १० नोव्हें.
सेल्वमला फोन लावला. आज उचलला.

"अक्का, कसा वाटला?"

सांगितलं कसा वाटला ते. फुलाचं काय केलंस, विचारलं.

"फुलाने विझवला तर थिएटरात ओरडणार कोण, अक्का?"

"पहिल्या वेळी कोण ओरडलं होतं? चिडीचूप होते सगळे. घरी जाऊन झोपले नाहीत."

तो हसला. काळ बदललाय म्हणाला. लोकांना कारण लागतं म्हणाला. कारण म्हणून लेकरू मारायचं? आणि चेहरा माझ्या आईचा? तर म्हणे, "अम्माच्या चेहऱ्याशिवाय भाग दोन झालाच नसता. हा मानच आहे त्यांचा."

उन्हाळ्यात फळं आणि साडी घेऊन आला होता. आईच्या पाया पडून म्हणाला, अम्मा, तुम्ही आहातच. आईने गल्लीत अशोका हलवा वाटला. तो हलवा आठवला आणि फोन ठेवून दिला. पुढे बोलले असते तर तोंडातून भलतंच गेलं असतं.

बुध., १२ नोव्हें.
जे होऊ नये वाटत होतं ते झालं.

खालच्या मजल्यावरच्या सरस्वती मामींना नात झाली आहे. रविवारी पाळणा, म्हणजे बारसं. आमच्या गल्लीतल्या, पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या मराठी घरांत पाळणा असला की उशाशी दिवा आमचा, तो लावायचा आईने, पाळणा गाऊन होईपर्यंत लेकरू तिच्या मांडीवर, नाव ठेवून झालं की फुलाने दिवा शांत करायचाही तिनेच. मी लहान होते तेव्हापासून असंच. खुद्द मामींचा मुलगासुद्धा तिच्याच मांडीवर होता.

आज आई बाळाला बघायला खाली गेली. मी मागेच होते. मामींची सून दीपा, चांगली शिकलेली पोर, हसून बोलत होती. आईने बाळ घेतलं. दीपाने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "दूध पाजायची वेळ झाली, आत्या." बाळ काढून घेतलं. बाळ गाढ झोपलेलं होतं.

मामी माझ्याकडे बघेनात. नंतर जिन्यात म्हणाल्या, "फोनावर तें दाखवितांत नव्हे, तुझ्या अम्माचें मुख आणि ती दुधाची वाटी. पोर भ्याली आहे. नवी बाळंतीण. तूं मनास लावूं नको."

मनास लावू नको. मामी, तुम्ही तिला पन्नास वर्षं ओळखता. असं म्हणायला हवं होतं. वर येऊन भांडी आदळली.

आई म्हणाली, "दीपा दमली आहे वाटतें." तिला कळलं की नाही, मला कळत नाही.

शुक्र., १४ नोव्हें.
आईने हट्टच धरला, दाखव म्हणून. नेलं. दुपारचा शो, अर्धं थिएटर रिकामं, बाहेर पाऊस.

फुंकरीला ती खुर्चीत सरळ झाली. विषाच्या वेळी मी पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होते. स्वतःचा चेहरा आला तेव्हा पदर तोंडाशी नेला आणि शेवटपर्यंत तिथेच ठेवला.

बसमध्ये म्हणाली, "त्या पोरीनें बेस केलें काम." मग खिडकीबाहेर बघत, "म्हणून दीपानें लेंकरूं घेतलें माझ्या हातांतून."

मी म्हटलं, मी खाली जाऊन भांडते. "नको. भय पोटांतलें असतें, भांडून जातें कां? मी येत नाहीं पाळण्यास. सांग माझा गुडघा दुखतो म्हणून."

भाग १ बघून ती म्हणाली होती, मी सुंदर दिसतें नव्हे?

शनि., १५ नोव्हें.
गुडघ्याचं सांगायला गेले. मामींचा चेहरा मोकळा झाला. इतका मोकळा की मला तिथेच बोलावंसं वाटलं. वर म्हणाल्या, "सरि, बरें, विश्रांती घेऊं दे. दिवा तेवढा देशील?"

दिवा तेवढा. सेल्वमला चेहरा तेवढा हवा होता, यांना दिवा तेवढा. माणूस नको कुणाला.

मी म्हटलं, दिवा मिळणार नाही. वर येऊन आईला सांगितलं तर ती माझ्यावरच रागावली. "लेंकराचा दिवा अडवितेस?" चिंच लावून घासायला बसली. मी नको म्हणत असताना हात दुखेपर्यंत घासला.

रवि., १६ नोव्हें.
सकाळी आईने दिव्यात तेल घातलं, वात ठेवली, पायाशी एक शेवंती ठेवली. मी खाली नेऊन दिला. दीपाने घेतला. माझ्याकडे बघितलं, मग फुलाकडे. मी काही सांगितलं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. फुंकायचा तर फुंका.

जेवायला बोलावलं होतं. मी गेले नाही. वरून पाळणा ऐकू येत होता. मामी एक ओळ विसरल्या. आईने इथे खाटेवर बसून ती पुटपुटली.

सोम., १७ नोव्हें.
कामावर जायला दार उघडलं तर उंबऱ्यावर दिवा. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, तेल पुसून. शेजारी शेवंती. एक कड करपलेली.

कुणी ठेवलं माहीत नाही. मामी असत्या तर बेल वाजवून, कॉफी पिऊन गेल्या असत्या. मग दीपा? मान म्हणून ठेवलं की घाबरून, भाग १ मधल्यासारखं? की त्यातला फरक तिलाही कळत नसेल. खाली जाऊन विचारायचं मनात आलं, गेले नाही. राग अजून आहे. सेल्वमवरचा तर सगळाच.

आई उठून आली. फूल उचललं, कड बघितली, वास घेतला. "फुंकलें नाहीं," म्हणाली. दिवा आत नेऊन देवापाशी ठेवला. मग तिथूनच विचारलं, "लेंकराचें नांव काय ठेविलें गे?"

मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.