पाच पायांचा घोडा

४ नोव्हेंबर, मंगळवार

वाघ रिजेक्ट. डावा डोळा उजव्यापेक्षा निदान दोन मिलिमीटर खाली. मिश्या एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. तरी परीक्षक म्हणतो, 'इसमें फीलिंग है.' फीलिंग कुठल्या गेजने मोजतात ते एकदा सांगावं मला.

'सुई का सुलतान' रोज सहाला लागतो. टॅटू काढणाऱ्यांची स्पर्धा. पहिली शिफ्ट करून मी पाचपर्यंत घरी, मग चहा, मग मी आणि सासूबाई टीव्हीसमोर. रंगराव म्हणतात, 'माझी आई आणि माझी बायको एकाच गोष्टीवर एकत्र आल्या, तेही दुसऱ्यांच्या दंडांवर.' म्हणू देत.

चाकणला व्हिज्युअल इन्स्पेक्शनला बावीस वर्षं झाली मला. दिवसाला हजारभर ब्रॅकेट डोळ्यांखालून जातात. ओरखडा दिसला, भोक वाकडं दिसलं, की लाल पेंट मार्करने गोल करायचा आणि लाल पेटीत टाकायचं. ही नजर माझ्या चष्म्यासारखी काढून ठेवता येत नाही.

सासूबाईंचं परीक्षण वेगळं. 'एवढं मोठं बाप्य, नि सुईला रडतंय व्हय? आमाला जत्रंत गुळाचा खडा दिला तोंडात, झालं.' त्यांच्या हातावर गोंदलेला मोर आहे. शेपटी नाही. अर्ध्यात उठून पळाल्या होत्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल कार्यक्रमाच्या पेजवर वाघाबद्दल लिहिलं. दोष, ठिकाण, निकाल, अगदी आमच्या पद्धतीने. चारशे बारा लाइक! कुणी म्हणतं, काकूंना परीक्षक करा. कुणी म्हणतं, काकू, आधी स्वतः एक काढून दाखवा. त्याला उत्तर दिलं — मी ब्रॅकेटही बनवत नाही, बाळा, पण वाकडं मला कळतं.

रंगरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'छान.' पेपरमधून डोकं वर न काढता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काय करून बसले मी!

कंपनीची बस. मोशीला ट्रॅफिक, सगळे पेंगलेले. माझ्या शेजारच्या सीटवर डिस्पॅचचे सयाजी जाधव. जालन्याकडचे, उन्हाळ्यात इथे आले. कुणाच्या अध्यात ना मध्यात. गाढ झोपलेले, बाही वर सरकलेली, आणि हातावर टॅटू. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्यांदाच पाहिला.

घोडा होता. बहुतेक घोडाच. मान एकीकडे, धड दुसरीकडे. रेष कुठे जाड, कुठे बारीक. पाय मोजले. पाच. परत मोजले. पाचच!

मार्कर नेहमी माझ्या वरच्या खिशात असतो. मी मुद्दाम काही केलं नाही. हाताने केलं. पाचव्या पायाच्या टोकाला छान लाल गोल. टोपण लावताना 'टक' आवाज झाला तेव्हा मी भानावर आले. आणि मी, विजयश्री रंगराव शेळके, वय अठ्ठेचाळीस, डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन बसले. भोसरीपर्यंत.

ब्रॅकेटवरचा तो रंग थिनरशिवाय जात नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

रंग गेला नाही.

सयाजी सकाळी बसमध्ये उभे राहून म्हणाले, 'ज्यानं केलं त्यानं पुढं यावं.' आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. कुणी पुढे आलं नाही. मग सगळ्यांनी वळून तौसिफकडे पाहिलं.

पाहणारच. असेंब्लीवरचा तौसिफ म्हणजे उचापती. दसऱ्याला सिक्युरिटीवाल्याच्या टोपीवर 'ओके टेस्टेड'चं स्टिकर यानेच लावलं. काल आमच्या मागच्याच सीटवर होता. तो बिचारा म्हणतोय, 'अम्मीची शपथ, भाऊ, मी कानात गाणी लावून बसलो होतो.' कोण ऐकतंय?

सयाजींनी एचआरला तक्रार दिली. बुधवारी तौसिफला बोलावलंय. त्याचं कॉन्ट्रॅक्ट पंधरा तारखेला संपतं. हा शेरा लागला तर पुढे मिळायचं नाही. मला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज फोन करून सांगणार होते. नाही सांगितलं. मार्केटमधून कांदे आणले.

१० नोव्हेंबर, सोमवार

कॅन्टीनमध्ये सयाजींच्या समोरच जागा मिळाली. म्हटलं, सुरुवात तर करावी. विचारलं, 'घोडा कुठे काढून घेतला?'

ते म्हणाले, 'घोडा आहे हे ओळखणाऱ्या तुम्ही पहिल्याच, ताई.'

मग सांगितलं. मुलगी सहा वर्षांची, स्नेहल. आईबरोबर गावाला असते. दिवाळीत निघताना तिने घोड्याचं चित्र दिलं. 'यावर बसून या म्हणजे लवकर याल, पप्पा.' कागद डब्याच्या पिशवीत भिजून फाटायला लागला, तेव्हा पिंपरीत जाऊन तसाच्या तसा हातावर काढून घेतला. 'टॅटूवाला पोरगा म्हणत होता, पाय चार करतो, मान सरळ करतो. मी म्हटलं, एक रेष हलवायची नाही. पाचवा पाय जास्त पळायला आहे, असं तिनं सांगितलंय.'

एक रेष हलवायची नाही! म्हणजे पीस शंभर टक्के ड्रॉइंगप्रमाणे होता. आणि मी ड्रॉइंग न बघता रिजेक्ट केला. नवीन पोरींना पहिल्या दिवशी मीच शिकवते — आधी ड्रॉइंग, मग पीस, मग मार्कर. बावीस वर्षांत एकही चुकीचं रिजेक्शन नाही म्हणून जानेवारीत शाल दिली होती मला. ती शाल आज कपाटात बघवेना.

समोर बसूनही बोलले नाही. भित्री आहे मी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाईंना सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्या इतक्या हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली. टीव्हीवर कोण जिंकतंय ते दोघींनीही पाहिलं नाही.

कवळी परत बसवून त्यांनी हात पुढे केला. 'ह्यो काय हाय?'

'मोर.'

'शेपूट कुटं हाय?'

'नाही.'

'मंग मोर कसा म्हनलीस? लगीन होऊन आलीस तवापास्नं मोरच म्हन्तीस. तुज्या मारकरनं गोल न्हाई केलास कदी.' जरा थांबून म्हणाल्या, 'त्या पोराची भाकर जाया नगं. उद्या सांग.'

आज पेजवर काही लिहिलं नाही. एका मुलीने आजीचा चेहरा काढला होता, नाक चुकलेलं. आजीचं नाक तसंच असेल तर?

१२ नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं.

तोंडाने जमणार नाही, हे ठाऊक होतं. म्हणून सकाळी रिजेक्शन रिपोर्टच भरला. दोष: काही नाही. निकाल: चुकीचे रिजेक्शन. कारण: इन्स्पेक्टरने ड्रॉइंग तपासले नाही, तसेच इन्स्पेक्टरचे टीव्ही पाहणे. कायमची उपाययोजना: शिफ्ट सुटताना मार्कर गेटवर जमा करणे. खाली सही.

तौसिफ आणि सयाजी एचआरच्या साहेबांसमोर बसले होते. मी न विचारता आत गेले आणि कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला. मग उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते त्यांचे.

तौसिफ म्हणाला, 'ताई, बावीस वर्षांत एकदा मस्ती केलीत, ती पण माझ्या नावावर?' आणि हसत सुटला. मला रडू आलं. त्याने स्वतःचा रुमाल दिला. ग्रीसचा वास होता.

मला तोंडी समज मिळाली. तौसिफ सुटला.

सयाजी हसले नाहीत. मी माफी मागितली. ते म्हणाले, 'माझ्या हाताला काही नाही झालं, ताई. पण ते चित्र तिचं आहे.' बाही खाली ओढली आणि गेले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी टाकली. दिवसभर भांडी घासली. घासलेलीसुद्धा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तौसिफचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. पेढे वाटले त्याने. माझ्या पेढ्यावर लाल जेलीचा गोल होता! हसले. बऱ्याच दिवसांनी.

सयाजी आता बसमध्ये मागे बसतात. काल त्यांना स्पिरिटची बाटली द्यायला गेले, राहिलेला रंग काढायला. 'नको,' म्हणाले. एवढंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

'सुई का सुलतान'चा शेवटचा भाग. सासूबाईंचा लाडका स्पर्धक, तो काडीपैलवान, जिंकला. आनंदाने त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

पेजवर एकच ओळ लिहिली — टॅटू वाकडा म्हणण्याआधी, काढून घेणाऱ्याने काय सांगितलं होतं ते विचारावं. नऊ लाइक. त्यातला एक रंगरावांचा. म्हणजे हे वाचतात तर!

बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामीच असते. मी पिशवी ठेवत नाही तिथे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज सयाजी शेजारी येऊन बसले. बाही वर केली. लाल गोल अजून तिथेच. मी घाबरून अंगठ्याने चोळला. जाईना. कातडी जरा सुजलेली, चकचकीत.

म्हणाले, 'रविवारी टॅटूवाल्याकडून गोल पक्का करून घेतला, ताई. व्हिडिओ कॉलवर तिला दिसला. म्हणते, पप्पा, माझ्या घोड्याला बॉल कुणी दिला? आता तो फुटबॉल खेळतो. पाचवा पाय त्याच्यासाठीच होता म्हणे.' मग हात माझ्यापुढे धरला. 'बघा. पास का?'

मी म्हटलं, 'आधी ड्रॉइंग दाखवा.'

त्यांनी फोन उघडला. नवीन चित्र. घोडा, पाच पाय, लाल बॉल, आणि बाजूला चष्मा लावलेली एक जाडी बाई.

कितीतरी वेळ दोन्हींवरून नजर फिरवली. डोळे भरले होते, एक रेष धड दिसत नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा पीस न बघता पास केला.