चार वाजताची अकरा मिनिटं

प्रिय आई,

तुझा प्रोग्रॅम रोज चारला थांबतो तेव्हा तो काहीच करत नसतो. आमच्या सल्लागाराने आज सकाळी हे छातीठोक सांगितलं. कोडची छापील पानं माझ्या टेबलावर पसरून त्याने तुझ्या ओळींवर पेन्सिल टेकवली. पडद्यावर ‘साठा जुळवणी चालू आहे, कृपया थांबा’ असा संदेश, आणि मागे नुसतं अकरा मिनिटं थांबणं. जुळवणी कसलीच नाही. बिचारा चक्रावला होता. इतकं नेटकं लिहिणारी बाई अशी चूक करेलच कशी, असं दोनदा म्हणाला.

मला एकदम आपलं गोदाम दिसलं. शाळा सुटली की मी तुझ्याकडे यायचे. चार वाजले की सगळे पडदे एकाच वेळी निळे व्हायचे, पार्सलं वाहणारा पट्टा हळूहळू थांबायचा, आणि वरच्या झरोक्यातल्या उन्हात धूळ तरंगलेली ऐकू येईल इतकं शांत व्हायचं. पॅकिंगच्या बायका खोक्यांवर टेकायच्या, चपला काढून पाय लांब करायच्या. पुठ्ठ्याच्या वासात मी कुणाच्या तरी मांडीवर पेंगायचे. तू काचेच्या खोलीतून बघत उभी असायचीस. यंत्र काय करतंय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, मोजतंय. मला वाटायचं, ते आम्हालाच मोजतंय, एकेकीला, हलक्या हाताने.

आता त्या काचेच्या खोलीत मी बसते. जुनं सगळं काढून क्लाउडवर न्यायचं काम माझ्याकडे आहे. साहेबांच्या भिंतीवर मोठा पडदा लावलाय. मिनिटाला किती पार्सलं निघाली याचा आलेख त्यावर सरकत असतो आणि रोज चारला त्यात खड्डा पडतो. या खड्ड्यात आपण वर्षाला किती पार्सलं पुरतो, असं ते हसत हसत विचारतात. जुन्या प्रोग्रॅमच्या कामांची यादी करताना मी तुझ्या शब्दावर विसंबून लिहिलं, साठा जुळवणी नव्या प्रणालीत क्षणात होते, थांबायची गरज नाही. खाली सहीसुद्धा ठोकली.

गेल्या आठवड्यात नव्या प्रणालीची चाचणी झाली. चार वाजले, पट्टा थांबला नाही. तुझ्या वेळच्या पॅकिंगच्या बायकांपैकी आता एकट्या काकूच उरल्यात. त्या सवयीने खोक्यावर टेकल्या. पार्सलं त्यांच्यापुढे साचली, दोन खाली पडली, पडद्यावर त्यांचा क्रमांक लाल झाला. मुकादमाने लेखी ताकीद दिली. मी खाली धावले तेव्हा त्या पोटऱ्या चोळत होत्या. रागावल्या नव्हत्या.

“यंत्राला चारला काय व्हायचं, ते तुझ्या आईलाच विचार,” एवढंच म्हणाल्या, आणि हसल्या.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं एकीनेही तोंड उघडलं नाही. आणि तू! दारात नको असलेला पाहुणा आला तरी ‘घरी नाही’ म्हणायला तुझी जीभ अडखळायची.

फोनवर तू विषय बदलशील, म्हणून लिहिते आहे. सोमवारी दहाला सल्लागाराचा अहवाल साहेबांपुढे येईल. त्यात तुझ्या ओळींच्या पुढे ‘दोष’ लिहिलंय. मी गप्प राहिले तर तुला कोणी काही विचारणार नाही, पण तो खड्डा कायमचा बुजेल आणि ताकीद काकूंच्या नावावर राहील. मी यादीतली माझी ओळ खोडून नवी लिहिली आहे : चार वाजता पट्टा अकरा मिनिटं थांबेल, कारण दिवसभर उभी असलेली माणसं बसतील. साहेब विचारतील, हे कुणी ठरवलं? तेव्हा तुझं नाव घेऊ का? जिन्यातला तुझ्या निरोप समारंभाचा फोटो कदाचित उतरवतील. तू नको म्हणालीस तर तुझं नाव घेणार नाही, पण ओळ राहील. स्वतः येऊन सांगितलंस तर मला फार बरं वाटेल. जुना प्रोग्रॅम सोमवारी संध्याकाळी बंद होणार. म्हणजे बैठकीत काहीही ठरलं तरी त्या दिवशी चारला पडदे आणखी एकदा निळे होतील. काकू तुझ्यासाठी एक खोकं पुसून ठेवणार आहेत.

तुझीच,
मांडीवर पेंगणारी