पाळणाघरातून स्वतःची मुलगी परत मिळण्याबाबत

प्रति,
माहिती सुरक्षा अधिकारी,
मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

विषय: सांकेतिक शब्द ठाऊक नसल्यामुळे तळमजल्यावरील पाळणाघरात अडकलेली माझी मुलगी आज कार्यालय सुटण्यापूर्वी ताब्यात मिळण्याबाबत.

संदर्भ: आपण घेतलेले सायबर सुरक्षा व गोपनीयता जागरूकता प्रशिक्षण.

महोदय,

१. "शब्द तुम्ही ठरवा, पोरीवर सोपवू नका," असे पाळणाघराच्या ताईंनी मला वेळीच बजावले होते. मी घाईत होते. "तिलाच विचारा हो, तिला आवडेल तो ठेवा," असे म्हणून मी जिना चढले. पुढचे सारे त्यातूनच उद्भवले आहे.

२. आपले प्रशिक्षण सर्व विभागप्रमुखांना सक्तीचे होते. संचालक साहेबांनी स्वतःच्या जागी स्वीय सहायकांना बसवले. विक्रीप्रमुख डुलक्या काढत होते. पाळणाघराच्या प्रमुख या नात्याने ताई मात्र पहिल्या रांगेत होत्या. आपण साहेबांच्या हुबेहूब आवाजातला बनावट फोन ऐकवलात आणि "आवाज ओळखीचा म्हणून माणूस ओळखीचा नव्हे" असे म्हणालात, ते ताईंनी पदराच्या गाठीला बांधले. आज स्थिती अशी आहे की साहेबांचा पासवर्ड त्यांच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेला सर्वांना दिसतो, आणि पाळणाघरात मुंगी शिरायची तर तिलाही ओळख द्यावी लागते.

३. नियम असा: मुलाला न्यायला येणाऱ्या प्रत्येकाचा शब्द वेगळा, आणि दुसऱ्याचा वापरणे ही चोरी. आजवर मुलीला तिचे बाबा नेत असत; त्यांचा शब्द त्यांना पाठ आहे. ते आज सकाळी कामासाठी परगावी गेले असून उद्या परततील. माझा शब्द फक्त मुलीला आणि ताईंना ठाऊक आहे. ती साडेतीन वर्षांची आहे. काल रात्री घरी मी गोडीगुलाबी केली, डोळे वटारले, आइसक्रीम पुढे केले. तिने आइसक्रीम खाल्ले आणि म्हणाली, "आईने विचारलं तरी सांगायचं नाही, ताईंनी सांगितलंय."

४. सकाळी तिचे अंग जरा कोमट लागले, म्हणून मी वरून फोन करून चौकशी केली. ताई म्हणाल्या, "अशी मुलगी आमच्याकडे आहे की नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही."

मी म्हटले, अहो ताई, मी तिची आई बोलतेय.

"असं कुणीही म्हणेल."

जेवली का, एवढे तरी सांगा, म्हटले. तर आरोग्य आणि आहार या दोन्ही खाजगी बाबी आहेत असे उत्तर मिळाले. महोदय, मी पदवीधर आहे, नियम मला समजतात. पण माझा जीव टांगणीला लागला आहे.

५. दुपारी प्रत्यक्ष दाराशी गेले. ससा, फुगा आणि हत्ती असे तीन शब्द सांगून पाहिले. तिन्ही चुकले, सबब मला अर्धा तास कुलूप लागले. मुलगी आतून काचेला नाक लावून हसत होती. पिवळ्या मोज्यांची ती माझी. नाव आपल्याच शिकवणीनुसार येथे लिहीत नाही.

६. नाइलाजाने संचालक साहेबांकडे गेले. साहेब चांगल्या मनाचे. "काय पोरखेळ लावलाय," म्हणत ते माझ्याबरोबर खाली आले. तेवढ्यात एक वडील मुलाला घेऊन बाहेर पडत होते, त्यांच्या मागून उघड्या दारातून साहेब आत शिरले. दुसऱ्याच्या पाठोपाठ दारातून घुसणारा संशयित समजावा आणि ओळख पटेपर्यंत बसवून ठेवावा, हे आपणच शिकवले आहे. साहेबांचे ओळखपत्र वर टेबलावर, फोन चार्जिंगला. "मी संचालक आहे," ते म्हणाले. "आवाज तर तसाच आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांना छोट्या लाल खुर्चीवर बसवले.

७. ताईंच्या मते साहेबांची ओळख पटवण्यास व माझा शब्द बदलून देण्यास केवळ आपण पात्र आहात. ताईंवर कारवाई व्हावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. एरवी मूल सोडून वर काम करताना इतका निर्धास्तपणा मला कधी लाभला नव्हता. फक्त तो मला वगळून नसावा.

सबब आपण सहा वाजण्यापूर्वी खाली यावे, ही कळकळीची विनंती.

आपल्या दुसऱ्या बॅचची विद्यार्थिनी व एका मुलीची आई (तूर्त पुराव्याअभावी),
भांडार विभाग, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: आजचाच

सोबत:
१. माझे ओळखपत्र (ताईंना अमान्य)
२. मुलीचा जन्मदाखला (अमान्य)
३. आम्हा दोघींचा फोटो ("फोटो हल्ली कुणीही बनवतं")

ता. क. अर्ज पाळणाघराच्या दाराशीच बसून लिहिला. मुलगी ठीक दिसते. अंग कोमट असणारे मूल इतक्या उड्या मारत नाही. मघापासून ती साहेबांना खेळण्यातल्या कपातून चहा पाजते आहे. साहेबांनी तिला काहीच विचारले नाही, नुसता चहा पीत राहिले. आत्ताच तिने त्यांच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगितले. मी काचेवर टकटक करून खुणेने विचारले, काय शब्द आहे? साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

तरी आता मुलीचे राहू द्या, कृपया आधी साहेबांकडे एकदा बघून जा.