पंचविसावा चौकोन

३ मे, रविवार
चर्चच्या तळघरात कॉफी पिताना जाहीर करून टाकलं : मार्लाच्या बाळाच्या गोधडीचं सगळं कापड मी रंगवणार. घरी, हाताने, गाठी बांधून. पंचवीस चौकोन. लेकीचे दिवस जुलैत भरतात, म्हणजे वेळच वेळ. लव्हॉनच्या गोधडी-मंडळातल्या बायका एकदम गप्प झाल्या. भारावल्या असाव्यात.

गाडीत लव्हॉन म्हणाली, "मला आधी विचारायचंस तरी." म्हटलं, पेंटच्या दुकानात चौतीस वर्षं काउंटर सांभाळलेल्या माणसाने रंगाबद्दल बायकोला विचारायचं?

"डबे विकलेस तू, डेल्मर," ती म्हणाली. "रंगवायला लोक दुसऱ्याला बोलवायचे."

गाडी चालवताना वाद घालू नये.

५ मे
रंगाची पाकिटं आली. सोबत सूचनांची आठ पानं. नवशिक्यांसाठी असावीत. ठराव : रोज सकाळी नऊ ते बारा, गॅरेजमध्ये, काम म्हणजे काम.

६ मे, दुपारी ३
गवत कापायचं राहिलं होतं, म्हणून नऊचे दोन वाजले. नवी चादर कापून बारा चौकोन केले, पीळ देऊन रबरबँडने बांधले आणि रंगात बुडवले. चोवीस तास ठेवा म्हणतात. त्यांना रंग खपवायचा असतो.

६ मे, संध्याकाळी ५
उघडले. धुतले. सगळा रंग पाण्याबरोबर गेला. उरली ती फिकट गुलाबी छटा. तिला मी 'पहाट' नाव दिलं. लव्हॉनने कापड बोटांत चोळून पाहिलं. म्हणाली, "हे पॉलिस्टर आहे."

चादर स्वस्तात मिळाली होती. लेबल वाचायला चष्मा नेला नव्हता. दोष चष्म्याचा.

१२ मे
शुद्ध सुती कापड आणलं. आधी सोड्यात भिजवायचं असतं. स्वयंपाकघरातला सोडा घेतला. रंग पुन्हा गेला. लव्हॉन म्हणाली धुण्याचा सोडा लागतो, हा केकचा. सोड्यांनी आपसात ठरवून एकच नाव घ्यावं हे काही बरं नाही.

लव्हॉनला आज केक करायचा होता. झाला नाही.

१९ मे
धुण्याचा सोडा. पिवळा, जांभळा, हिरवा, सगळे एकाच चौकोनावर. सढळ हाताने. निघाला तपकिरी. आठ चौकोन केले, आठही तपकिरी. शेजारचा रोलंड कुंपणावरून वाकून म्हणाला, "काय रे, गाडीचं ऑइल बदललंस का?" रोलंडला कलेचं अंग नाही. त्याच्या अंगणात प्लास्टिकचं हरीण आहे.

२० मे ते ३० मे
पाठ धरली. (नऊ ते बारा शक्य झालं नाही.)

२ जून
साधलं!

परवा एक चौकोन निळ्यात बुडवला आणि तेवढ्यात मार्लाचा फोन आला, पाळणा जुळत नाहीये, बाबा या. गेलो. मुक्काम पडला. काल रात्री परतलो तो थेट झोपलो. आज सकाळी बादलीतून काढून गाठ सोडली आणि पाहतच राहिलो. असा निळा की पाहताना टोपी काढावी. मधून पांढरे किरण फुटलेले.

मंडळाची प्रमुख ट्विला स्टुट्झमन मुद्दाम बघायला आली. तिला कौतुकाची सवय नाही, तरी "अगं बाई!" म्हणाली. कृती विचारली. मनगटात असते, म्हणून सांगितलं.

२ जून, दुपारी
तीन पाण्यांतून काढला तरी पाणी निळंच. इतका सुंदर रंग गटारात सोडायचा कशासाठी? थांबलो. लव्हॉनने विचारलं, "पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलास ना? बाळाच्या अंगाला लागायचंय."

हो म्हणालो. तिसऱ्या पाण्याचा निळा पहिल्यापेक्षा स्वच्छच होता.

१० जून
उरलेले चोवीस त्याच हाताने, त्याच बादलीत. दोन तासांत उघडले. पहाट. चोवीस पहाटा. मनगट थकलं असावं.

१५ जून
चोवीस पहाटांचं खरं काय ते लव्हॉनला सांगायचं ठरवलं. आधी काहीतरी गोड खाऊ घालून, मग. सांगायला सुरुवात केली तशी तिने कपाट उघडलं आणि गोधडी पलंगावर पसरली. चोवीस चौकोन शिवून तयार. दुकानातलं कापड. मध्ये एक भोक.

"कधी केलंस हे?" मी विचारलं.

"तू चर्चमध्ये बोललास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी कापड आणलं," ती म्हणाली. "मधला तुझ्यासाठी ठेवलाय. दे तो निळा."

जरा वेळ गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. मग निळा दिला. विचार केला तर गोधडीत लोक मधलाच चौकोन बघतात.

२४ जून
मुलगी! दोन आठवडे आधी, पण ठणठणीत. नाव अ‍ॅडा. मी चार वेळा मांडीवर घेतली.

२५ जून, हॉस्पिटल
सकाळी अ‍ॅडाला गोधडीत गुंडाळलं होतं. दूध ओघळून गाल ओला झाला आणि ती निळ्या चौकोनावर गाल टेकून झोपली. नर्स आली, गोधडी सारली आणि भिंतीवरचं धोक्याचं बटण दाबलं. बाळाचा गाल निळा. ओठ निळे. चार माणसं धावत आली. मार्ला किंचाळली. ती किंकाळी मी ऐकली आणि मला कळलं काय झालंय. मी ओरडलो, "रंग आहे! माझा रंग आहे!"

डॉक्टरांनी ओला बोळा फिरवला. बोळा निळा झाला, खालून गुलाबी गाल निघाला. अ‍ॅडा रडायला लागली. खणखणीत. इतकं सुरेख मी काही ऐकलं नव्हतं.

मार्ला आधी रडली, मग मला बरंच बोलली, मग हसायला लागली. नर्स हसली नाही.

लव्हॉनने पर्समधून छोटी कात्री काढली आणि खिडकीशी बसून निळ्या चौकोनाचे टाके एकेक करून उसवले. तिथे पर्समधलाच पिवळा बसवला. दुकानातला. दोनदा धुतलेला.

तिने विचारलं, "कसा दिसतो?"

चांगला दिसतो म्हणालो. दिसतोच चांगला.