पंतांचं भोपळ्याचं पुस्तक

३ नोव्हेंबर १९९६, रविवार

मयूरी गेली त्याला सहा महिने झाले. हे एकदाच लिहून टाकतो. नऊ वर्षांची होती. माहुलीच्या डोहावर पाय घसरला, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून ही वही उघडली नव्हती. मागची पानं उलटली नाहीत. कोरं पान दिसलं तिथून सुरू करतोय.

दुपारी विष्णुपंत आले. शेजारीच राहतात, पण दार वाजवून आले. खिशात पेढ्यांचा पुडा होता. तो बाहेर काढलाच नाही. आमच्याकडं यंदा गोड नाही हे त्यांना ठाऊक. पुस्तक मात्र पुढं केलं — ‘शेवंता आणि पैलतीरचा आंबा’. पहिलं पान उघडून हिच्या हातात दिलं. ‘चि. मयूरीस, जिनं ही गोष्ट पास केली.’

अनसूया त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा हलला.

पुस्तकाला बक्षीस आहे म्हणे. बावीस डिसेंबरला सांगलीत सत्कार. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतले पाच बालसाहित्यिक. "सुमंतराव, तुम्ही दोन शब्द बोलायचे. आपल्या बालसाहित्य मंडळाच्या सगळ्या गोष्टींच्या छापायच्या प्रती तुमच्याच हातच्या."

मी? मोजणी ऑफिसात नकाशांवर नावं लिहिणारा माणूस! नाही म्हणणार होतो. ही म्हणाली, "बोलतील."

५ नोव्हेंबर

ऑफिस. कराडचे दोन नकाशे. अक्षर बिघडलं नाही, हे बरं.

१० नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आकाशकंदील नाही. फराळ नाही. शेजारची ताटं आली, ती तशीच झाकून ठेवली.

पंतांकडचं ताट घेऊन त्यांची नात अश्लेषा आली. मयूरीची मैत्रीण. मे महिन्यापासून आमच्या दारात आली नव्हती. ही आत होती. पुस्तक टेबलावर होतं. पोरगी ते बघून मागं सरली. मी विचारलं, काय गं?

"काका, हे आत ठेवा."

का?

पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग एका दमात — "आम्ही गोष्टीतलंच करत होतो. मयूरी शेवंता झाली होती. मी आंबे मोजणार होते. ती म्हणाली, शेवंतानं तरी कुठं कुणाला विचारलं होतं!"

आणि पळाली. ताट माझ्या हातात तसंच.

११ नोव्हेंबर

माळ्यावर चढलो. माझ्या लहानपणचा सुका भोपळा तिथं टांगलेला असायचा. पोहायला शिकताना पाठीला बांधायचा तो. खुंटी आहे. भोपळा नाही.

गोष्टीतली शेवंता माळ्यावरचा भोपळा काढते, पाठीला बांधते, भर दुपारी डोह ओलांडते.

ही हाक मारायच्या आत खाली उतरलो.

१६ नोव्हेंबर

सुट्टी होती. सायकलनं माहुलीला गेलो. मयूरीला ज्यांनी पाण्याबाहेर काढलं त्या चंद्राबाई घाटावर धुणं धूत होत्या. भोपळ्याचं विचारलं.

"व्हय दादा. पार खाली लव्हाळ्यात घावला दुसऱ्या दिवशी. तडा गेल्याला. आत निम्मं पानी." मग कपडा आपटायचा थांबवून म्हणाल्या, "त्या दिशी डोहात बुडबुडं येत व्हतं. मला वाटलं, मासा हाय."

मग भोपळ्याचं तेव्हा का नाही सांगितलं?

"तुमच्यापुढं कोन बोलनार, दादा? तुमी तर दगडावानी उभं व्हता."

परत येताना सायकल हातात धरून चालत आलो.

१७ नोव्हेंबर

पुस्तक वाचलं. पान चौदा. ‘शेवंताने भोपळा पाठीशी घट्ट बांधला आणि पाण्यात उडी घेतली. भोपळा तिला अलगद पैलतीरी घेऊन गेला.’

अलगद! जुना भोपळा आधी पाण्यात दाबून बघतात. माहुलीत कुणालाही विचारा. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे सुचू नये?

आमच्या मंडळाची रीत आहे. छापायला द्यायच्या आधी गोष्ट मुलांना वाचून दाखवायची. मुलं चुळबुळली तर ते पान बाद. ही गोष्ट मीच वाचली, आमच्या ओसरीवर, मयूरी आणि अश्लेषाला. कुणी चुळबुळलं नाही. "बाबा, भोपळ्याचं परत वाचा!"

परत वाचलं होतं.

२४ नोव्हेंबर

पंत कट्ट्यावर ऊन खात बसले होते. एप्रिलमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अजून बारीक अक्षर लागत नाही. प्रुफं दुसऱ्यानंच तपासली. मला म्हणाले, "गंमत बघा, पुस्तक माझं, आणि मीच वाचलेलं नाही! तुमची प्रत होती म्हणून निर्धास्त आहे."

हसलो. हसताना मला स्वतःचीच भीती वाटली.

१ डिसेंबर

ही रोज पुस्तक घेऊन बसते. फक्त पहिलं पान. आज पिशवीला जुन्या परकराच्या कापडाचं अस्तर लावत होती, सांगलीला न्यायला म्हणून. मयूरीच्याच परकराचं कापड.

सांगायला हवं. सांगवत नाही.

८ डिसेंबर

जिल्ह्यातल्या चाळीस शाळांत पुस्तक जाणार, पंत खुशीत सांगत होते. चाळीस शाळा. सगळ्या नदीकाठच्या गावांत.

आता मात्र बोलायचंच. सगळ्यांसमोर.

१५ डिसेंबर

भाषण लिहिलं. पाच ओळी. चांगल्या अक्षरात.

२३ डिसेंबर

काल झालं.

सकाळच्या एसटीनं गेलो. पंत खिडकीशी, नवं धोतर. इस्लामपूरला चहा घेतला. माझा कप त्यांनी धरून आणला, सांडत सांडत. "वक्त्याचा घसा ओला पाहिजे."

शाळेचा हॉल भरला होता. हंबीरराव सांगलीकर, छापखान्याचे मालक, सूत्रसंचालन करत होते. "सातारकर लिहित्यात, आम्ही सांगलीकर छापतो, आन् पोरं फाडत्यात! लेखकानं फाटलेल्या प्रती मोजाव्यात, गड्या हो, विकलेल्या न्हाई!" सगळे हसले. चौघांना शाल-श्रीफळ झालं. पंत शेवटचे. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत ही, मांडीवर पिशवी.

मग माझं नाव.

मी पान चौदा वाचून दाखवलं. मग म्हणालो — माझ्या मुलीनं हेच केलं. भोपळ्याला तडा होता. तो बघून घ्यावा असं या पुस्तकात कुठंही लिहिलेलं नाही. चाळीस शाळांत हे जातंय. एवढंच.

आवाज चढला नाही माझा. हिच्याकडं बघितलं नाही.

पंत उठले. खुर्चीला धरून. "अहो, पण त्याच्या पुढं चिठ्ठी..." म्हणाले आणि थांबले. माझ्याकडं बघत राहिले. मग हिच्याकडं. परत माझ्याकडं. त्यांच्या डोळ्यांना एवढ्या लांबचं दिसतं का, कोण जाणे.

"नाही," म्हणाले. "माझंच चुकलं. लिहायला हवं होतं."

शाल घडी घालून टेबलावर ठेवली. नारळ तिच्यावर.

परतीच्या एसटीत ही माझ्याशेजारी बसली नाही. पंतांच्या शेजारी बसली. घरी आल्यावर एकच बोलली — "तिचं नाव छापलेलं जगात ते एकच पुस्तक होतं."

२६ डिसेंबर

पंत सायकलवरून शाळाशाळांत जाऊन पोचलेली पुस्तकं परत मागतायत. दिसत नाही धड, तरी. हँडलला दोन पिशव्या. आज पोवई नाक्यावर समोरून आले. मी दुकानात शिरलो.

कसली चिठ्ठी म्हणत होते?

२८ डिसेंबर

पंतांची लिहायची पद्धत सगळ्या मंडळाला पाठ आहे. पाठकोरे कागद. मागून सुचलेलं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं लिहायचं आणि टाचणीनं कागदाला टोचायचं. त्यांच्या प्रती करताना बोटाला टाचण्या लागायच्या.

सांगलीला हंबीररावांना फोन केला. म्हणाले, "साहेब, तुमची प्रत हाय माझ्याकडं. काना-मात्रा जशीच्या तशी छापली. चिठ्ठी-बिठ्ठी काय नव्हती बघा."

३१ डिसेंबर

मागची पानं उलटली.

११ मार्चच्या पानात कॅलेंडरचं एक पान आहे, खूण घातल्यासारखं. टाचणी गंजलीय. मागं पंतांचं अक्षर — ‘आजोबा म्हणाले, शेवंते, आधी भोपळा घंगाळात दाबून बघ. बुडबुडे आले तर तो चुलीत. आणि मी काठावर बसल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.’

त्याखाली वहीत माझं अक्षर — ‘प्रत पुरी. आजच मयूरीला वाचून दाखवली. जाम खूश! पंतांची एक चिठ्ठी तेवढी राहिली. उद्या घालतो.’

पुढच्या पानावर नुसती तारीख, १२ मार्च. खाली कोरं आहे.